‘फेरफार केलेली संगीन’ म्हणावे का?

विचारणा अशी आहे : जुन्या लष्करी संगिनीचे वर्णन करताना ‘फेरफार केलेली’ लिहावे, ‘आखूड केलेली’ की ‘छाटलेली’?

‘फेरफार’ चूक नाही, पण त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. शिवाय हिशेबातल्या फेरफारामुळे या शब्दाला लबाडीचा वास चिकटला आहे, आणि संगिनीतला बदल पुष्कळदा सरकारी हुकमाने झालेला असतो. म्हणून बदल कोणी आणि कसा केला, हे पाहून शब्द निवडावा.

ब्रिटिशांची १९०७ नमुन्याची संगीन घ्या. तिचे पाते १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंमी. दुसऱ्या महायुद्धात भारतात यांतली पुष्कळ पाती कापून १२ इंचांवर आणली. ही झाली ‘आखूड केलेली’. तिची खूण पन्हळीत, म्हणजे पात्यावर लांबीने पाडलेल्या खोबणीत, सापडते. मूळ पात्यावरची पन्हळ टोकाच्या बरीच अलीकडे थांबते. आखूड केलेल्यात ती जवळजवळ टोकाला भिडते, कारण पुढचा भरीव भागच गेलेला असतो. याच काळात मुळातच १२ इंची घडवलेली पातीही निघाली. त्यांवर पन्हळ अलीकडेच संपते किंवा नसतेच. त्यांना नुसते ‘आखूड पात्याची’ म्हणावे. ‘केलेली’ लावले की इतिहास बदलतो.

‘छाटलेली’ हा शब्द खासगी कामासाठी राखून ठेवावा असे माझे ठाम मत आहे. तिथे लांबी कुठल्याच सरकारी मापात बसत नाही, टोकाच्या दोन बाजू सारख्या उतरत नाहीत, सहाणेचे ओरखडे वेडेवाकडे जातात आणि म्यान लांब पडते. सरकारी कामात म्यानही त्याच मापाने आखूड होते. तहनाळ, म्हणजे म्यानाच्या टोकाची धातूची टोपी, नीट बसवलेली असते. सहाणेवर पाणी न घालता घासले की पोलाद तापते : साधारण २३० अंश सेल्सिअसला पिवळसर, ३००च्या आसपास निळे. असा निळा डाग टोकाशी दिसला तर ‘पाणी उतरलेले पाते’, म्हणजे तापून कडकपणा गेलेले पाते, असे लिहावे. डाग पुसू नये, तो पुरावा आहे.

धारेसाठी ‘पाजवलेली’ हा शब्द आहेच. मोहिमेवर जाताना संगिनी पाजवल्या जात, त्यामुळे तेवढ्यावरून बदल केलेला ठरत नाही.

मुठीपाशी दोन जागा पाहाव्यात. १९०७ नमुन्याच्या सुरुवातीच्या संगिनींत आडपट्टीचे, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधल्या आडव्या पट्टीचे, खालचे टोक पुढे वळून आकडा होई. १९१३मध्ये तो बंद झाला आणि असलेले आकडेही काढले गेले. तिथे ‘आकडा काढलेली’ हा शब्दप्रयोग चपखल. अखंड आकड्याला किंमत जास्त, म्हणून नंतर जोडलेले आकडेही बाजारात येतात. सांध्यापाशी धातूचा रंग बदलला असेल तर ‘आकडा जोडलेली’ असे स्पष्ट लिहावे. दुसरी जागा मुठीच्या शेवटच्या धातूच्या बोंडाची. त्यातले आरपार भोक १९१६पासूनचे, पण आधीच्या संगिनींनाही ते मागाहून पाडले गेले. नुसत्या भोकावरून घडणीचे साल ठरवू नये. त्यासाठी पात्याच्या बुडाशी ठोकलेले महिन्या-सालाचे आकडे वाचावेत.

आणि लिहिताना ‘संगीनीचे’ नव्हे, ‘संगिनीचे’ : जमीन, जमिनीचे, तसेच.