लाटवियन भाषेतला 'उगुन्स' हा शब्द कुठून आला आणि त्याचे अर्थ काय?

उगुन्स म्हणजे आग, आणि मजा म्हणजे हा आपल्या अग्नीचा लांबचा भाऊच निघतो. संस्कृत अग्नि, लॅटिन इग्निस, लिथुआनियन उग्निस, रशियन अगोन, सगळे एकाच जुन्या इंडो-युरोपियन शब्दातून आलेत, म्हणजे लाटवियनने तो संस्कृतातून उचलला असं काही नाही हां, व्हॉट्सॲपवर फिरतं तसं! आपली 'आग' पण अग्नीवरूनच आली आणि गंमत बघा, अग्नी 'तो' पण आग 'ती', लाटवियनमध्येही उगुन्स स्त्रीलिंगीच.

अर्थ म्हणाल तर साधी आग, जाळ, आणि अनेकवचनात 'उगुनिस' म्हटलं की दिवे पण, म्हणजे रात्री लांबून शहराचे लुकलुकताना दिसतात ना ते. मग जोडशब्द: 'उगुन्सकुर्स' म्हणजे शेकोटी, २३ जूनला लाटवियन लोकांच्या 'यानी' नावाच्या उन्हाळी सणाच्या रात्री पेटवतात, उजाडेपर्यंत विझू देत नाहीत आणि वरून उड्या मारतात, थेट आपली होळीच वाटते. माझा सगळ्यात आवडता मात्र 'उगुन्सग्रेक्स', म्हणजे घरबिर जळतं ती आग. यातला 'ग्रेक्स' म्हणजे चक्क पाप!