महत्त्वाचे काम आपण रोज उद्यावर का ढकलतो?
मन वर्तमानाला अवाजवी वजन देते, हे याचे मुख्य कारण आहे. आजचे कष्ट आहेत त्याहून मोठे वाटतात, तर उद्याचे आणि परवाचे कष्ट जवळजवळ सारखेच भासतात. त्यामुळे ‘उद्या करू’ हा निश्चय प्रामाणिकच असतो, परंतु तो उद्या उजाडला की त्याचाही ‘आज’ होतो आणि पारडे पुन्हा फिरते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ वर्षभर भारतात राहिले असताना जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी कपड्यांचे एक खोके अमेरिकेला धाडण्यासाठी त्यांच्याकडे ठेवले होते. पार्सल करण्यात अख्खा दिवस मोडणार म्हणून अकेरलॉफ आठ महिन्यांहून अधिक काळ रोज सकाळी ‘उद्या नक्की’ असे ठरवत राहिले, हे त्यांनीच १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात सांगितले आहे. (दोघांनाही २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा येथे बुद्धीचा फारसा संबंध नसावा.) एका दिवसाच्या विलंबाचे नुकसान क्षुल्लक असते, आणि खरी गोम तिथेच आहे. माझ्या मते मुदत स्वतःपुरती ठेवण्यापेक्षा ती सहकाऱ्याला कळवून ठेवणे अधिक उपयोगी पडते, कारण मग विलंबाचा संकोच त्याच दिवशी सोसावा लागतो.