किडनी बदलल्यावर कॅन्सरची भीती कितपत खरी?

प्रश्न: माझ्या दादाची किडनी ६ वर्षांपूर्वी बदलली, आईनेच दिली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत. या गोळ्यांनी कॅन्सर होतो असं कुणीतरी सांगितलं आणि तो आता गोळ्या बंद करायचं म्हणतोय. काय करू?

उत्तर: आधी त्याला सांगा, गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही, कारण आईची किडनी शरीर परकीच समजतं आणि गोळ्या सुटल्या की तिच्यावर तुटून पडतं. भीती अगदीच खोटी नाहीये, ट्रान्सप्लांटवाल्यांना कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा साधारण २ ते ४ पट असतो, पण म्हणजे प्रत्येकाला होतोच असं नाही. होतं काय, की बिघडलेल्या पेशी हेरणारी प्रतिकारशक्तीच आपण दाबून ठेवलेली असते, शिवाय ईबीव्ही, एचपीव्हीसारखे व्हायरस डोकं वर काढतात, ईबीव्हीमुळे लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, होऊ शकतो. गोऱ्या लोकांत त्वचेचा कॅन्सर फार दिसतो, आपल्याकडे तो कमी, पण तंबाखू, मिशरी, गुटखा असेल तर तोंडाचं बघा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तोंडात न भरणारी जखम, मानेत गाठ, उगाच वजन घटणं, रेंगाळणारा ताप, यातलं काही दिसलं तर लगेच नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे. उन्हात टोपी, पूर्ण बाह्या. आणि डोस कमी करायचा का, सिरोलिमस या दुसऱ्या गोळीवर जायचं का, हे रक्तातली औषधाची लेव्हल बघून तेच ठरवतील, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही.