तिसऱ्याने नेमकी किती मागवली?

प्रश्न : दिवाळीत सगळे आमच्याकडे जमले होते तेव्हा धाकट्या दिरांनी एक जोक सांगितला. अनंत गणितज्ञ रांगेने एका बारमध्ये शिरतात, पहिला म्हणतो एक ग्लास बिअर द्या, दुसरा म्हणतो अर्धा ग्लास, मग असंच पुढे चालू, आणि बारवाला वैतागून दोन ग्लास काउंटरवर आदळतो नि म्हणतो, घ्या, आपसात वाटून घ्या. सगळे हसले, पण माझी अकरावीतली मुलगी म्हणाली, काका, तिसऱ्याने पाव ग्लास मागवला की एक तृतीयांश? तृतीयांश असेल तर दोन ग्लास पुरणारच नाहीत. दीर म्हणाले, अगं जोक आहे, एवढा कीस काढायचा नसतो. तर कोणाचं बरोबर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मुलीचं बरोबर आहे, आणि कीस काढायचाच असतो, कारण या जोकमधली सगळी मजा त्या "असंच पुढे" मध्येच आहे आणि नेमकं तेच मोघम ठेवलंय.

दिरांच्या मनात होतं की प्रत्येक जण आधीच्याच्या निम्मं मागवतो. १, १/२, १/४, १/८... कॉलेजात याला जीपी, म्हणजे भूमिती श्रेढी म्हणतात आणि तिची बेरीज बरोब्बर २. दहावा माणूस आपली ऑर्डर देऊन झाला की दोन ग्लासांना फक्त १/५१२ ग्लास कमी पडतो, म्हणजे अर्ध्या लिटरचा ग्लास धरला तर एक मिलीसुद्धा नाही! उरलेली अख्खी अनंत रांग मिळून तेवढ्या थेंबभरावर भागवते, म्हणून बारवाला शहाणा.

आता मुलीची रांग बघा. १, १/२, १/३, १/४... ही हार्मोनिक सिरीज. इथे चौथ्या माणसालाच दोन ग्लास ओलांडले जातात, बेरीज होते २५/१२. आणि पुढे ती थांबतच नाही, हे निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने १३५० च्या सुमारास दाखवून दिलं, आणि इतक्या सोप्या रीतीने की दिवाळीच्या फराळाच्या ताटावर बसूनही करता येईल. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्यापेक्षा जास्त, कारण दोघंही निदान पाव तरी आहेत. १/५ ते १/८ हे चौघं मिळून परत अर्ध्यापेक्षा जास्त. मग पुढचे आठ, मग पुढचे सोळा, दर वेळी अर्ध्याहून जास्तीचीच भर, असे अर्धे घालत राहिलात तर कुठलाही आकडा पार होणारच. फक्त सावकाश. दहा ग्लास ओलांडायला १२,३६७ माणसं लागतात आणि वीस ओलांडायला २७,२४,००,६००. म्हणजे बारवाल्याला पहिले काही दिवस वाटेल की जमतंय आपल्याला, पण बिअर संपणार हे नक्की.

दीर आता म्हणतील की बारवाल्याने दोनच ग्लास ठेवले ना, म्हणजे तिसऱ्याने पावच मागवला हे उघड आहे. हा युक्तिवाद तगडा वाटतो पण टिकत नाही, आणि मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. समजा तिसऱ्याने सहावा भाग मागवला, चौथ्याने बारावा, पाचव्याने विसावा. म्हणजे १, १/२, १/६, १/१२, १/२०... दुसऱ्यापासूनचे छेद बघा, १×२, २×३, ३×४, ४×५. आता १/२ म्हणजे १ वजा १/२, १/६ म्हणजे १/२ वजा १/३, १/१२ म्हणजे १/३ वजा १/४, असं लिहीत गेलात की मधलं सगळं एकमेकांत कटतं आणि त्या सगळ्यांचा मिळून होतो एक ग्लास. त्यात पहिल्याचा एक मिळवा. दोन! म्हणजे पहिले दोघं तेच, शेवटी दोन ग्लास तेच, आणि मधली रांग पार वेगळी. बारवाल्याच्या उत्तरावरून तिसऱ्याची ऑर्डर ओळखता येत नाही.

बरं, तिसऱ्याचा पाव सांगून टाकला तरी भागत नाही. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, सगळे एकमेकांना रेषांनी जोडायचे आणि जास्तीत जास्त किती तुकडे पडतात ते मोजायचं, तर एक ते पाच बिंदूंना १, २, ४, ८, १६ असे येतात आणि सहा बिंदूंना ३१, बत्तीस नाही. पाच आकडे दुपटीने आले म्हणून सहावा येईलच असं नाही, त्यामुळे नियम तोंडाने सांगावाच लागतो.

आपल्या भास्कराचार्यांनी लीलावतीत तो सांगितलाय. एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत जातो, तर महिन्यात किती निष्क (त्या काळचं मोठं नाणं) देईल? सुरुवात दिली, दुप्पट हा नियम दिला, मुदत दिली, "असंच पुढे" नाही. महिना तीस दिवसांचा धरून उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क आणि वर थोडी लहान नाणी (द्रम्म, पण, काकिणी) नि सहा कवड्या. सुट्या सहा कवड्यांपर्यंत हिशोब लागतो, कारण प्रश्नात काही मोघम नाही.

तर दिरांना सांगा, पुढच्या वेळी "प्रत्येक जण आधीच्याच्या निम्मं मागवतो" एवढं एक वाक्य घाला, हशा तेवढाच येईल.

आणि मुलीला माझ्याकडून एक गणित. दुसऱ्या बारमध्ये पहिल्याने एक ग्लास मागवला, दुसऱ्याने १/३, तिसऱ्याने १/६, चौथ्याने १/१०, पाचव्याने १/१५. छेद म्हणजे १, १+२, १+२+३ अशा बेरजा, नियम हाच. १६७२ मध्ये पॅरिसला हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने तरुण लाइब्निझला, म्हणजे पुढे मोठा गणितज्ञ झालेल्या जर्मन माणसाला, हीच बेरीज घातली होती आणि त्याने ती सोडवली. तिथे किती ग्लास लागतील? वरची कटाकटीची युक्ती वापर म्हणावं, प्रत्येक अपूर्णांक आधी निम्मा करून बघ.