वाचकांचे प्रश्न : किरणोत्सर्गाची आणीबाणी आणि पथकप्रमुखाचं काम

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत: किरणोत्सर्गाच्या आणीबाणीसाठी सरकारी पथक उभं कसं करायचं आणि चालवायचं कसं. विचारणाऱ्यांत नवे पथकप्रमुख आहेत, अग्निशमन दलातले आहेत, रुग्णालयातलेही आहेत.

प्रश्न : प्रशासनात बरीच वर्षं काढल्यावर आता या पथकाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. भौतिकशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. सुरुवात कुठून करू?

उत्तर : भौतिकशास्त्राची चिंता सोडा, ते येणारा माणूस पथकात असला की भागतं. प्रमुखाचं काम वेगळं आहे. घटनेच्या दिवशी जे निर्णय घ्यावे लागणार, ते आधीच घेऊन ठेवायचे. त्या दिवशी माहिती अर्धवट असते, फोन थांबत नाहीत आणि प्रत्येक वरिष्ठाला ‘नक्की आकडा’ हवा असतो.

आधी हद्दीत काय काय आहे त्याची यादी करा. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी येते, पण पथकाला बाहेर पडावं लागतं ते बहुतेक वेळा हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा भंगारात सापडलेल्या सोर्ससाठी, म्हणजे यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या सीलबंद किरणोत्सारी द्रव्यासाठी. वेल्डिंगचे जोड तपासणारे रेडिओग्राफी कॅमेरे (इरिडियम-192), कर्करोगावरच्या उपचारांची कोबाल्ट-60 यंत्रं, रक्तावर किरणांचा मारा करणारे रक्तपेढीतले सीझियम-137 चे इरॅडिएटर, कारखान्यांतल्या टाक्यांची पातळी मोजणारी गेज हे सगळं यादीत हवं. प्रत्येकापुढे आजची ताकद, तो सोर्स शेवटचा कुणी आणि कधी डोळ्यांनी पाहिला, आणि रात्री फोन उचलणारा माणूस कोण, हे लिहा. ‘आजची’ ताकद मुद्दाम म्हटलं. इरिडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, 74 दिवसांचं आहे. खरेदीच्या वेळचा आकडा तसाच ठेवला तर वर्षभरात तो तीस पटींनी चुकलेला असतो. सीझियमचं अर्धायुष्य 30 वर्षांचं, तिथे एवढी घाई नाही.

मग एका पानाचा निर्णयतक्ता करा: पहिल्या रकान्यात मोजलेली पातळी, दुसऱ्यात कृती, तिसऱ्यात ती कृती कुणाच्या अधिकारात. गाडी अडते ती तिसऱ्या रकान्यात. ‘सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने’ असं मोघम लिहू नका. पदनाम लिहा, आणि तो अधिकारी रजेवर असेल तर दुसरं कोण, तिसरं कोण तेही. लोकांना लांब ठेवायला घेरा टाकण्याचा अधिकार मात्र जागेवर सगळ्यांत आधी पोचणाऱ्या तुकडीच्या प्रमुखाकडेच हवा. त्यासाठी कुणाला फोन करायची वेळ आली तर तक्ता चुकला म्हणायचा.

प्रश्न : मी अग्निशमन दलात आहे. किरणोत्सर्ग मोजणारं मीटर हाताशी नसताना घेरा किती अंतरावर टाकायचा? आणि मीटर आल्यावर मागे कधी फिरायचं?

उत्तर : आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पहिल्या तुकडीसाठी दिलेले आकडे पाठच करून ठेवा. सोर्स उघडा पडला किंवा फुटला असेल तर सगळ्या बाजूंनी 30 मीटर. मोठ्या सोर्समधलं द्रव्य सांडलं असेल तर 100 मीटर. धोकादायक सोर्स आगीत सापडला, स्फोट झाला किंवा धूर निघतोय, तर 300. किरणोत्सारी द्रव्य भरलेल्या बॉम्बचा संशय असेल तर, तो फुटलेला असो वा नसो, किमान 400. इमारतीच्या आत ती खोली, लगतच्या खोल्या आणि वरचा-खालचा मजला रिकामा करायचा. हे मजले हमखास विसरले जातात.

मीटर आल्यावर आतल्या घेऱ्याची रेषा ताशी 100 मायक्रोसिव्हर्टला आखा (सिव्हर्ट हे शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं एकक; मिली म्हणजे त्याचा हजारावा, मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग). ताशी 100 मिलिसिव्हर्टच्या पलीकडे फक्त जीव वाचवायला जायचं, तेही सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत. ताशी 1000 मिलिसिव्हर्टच्या पुढे किरणोत्सर्ग तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. जीव वाचवणाऱ्याला बसणारी किरणोत्सर्गाची एकूण मात्रासुद्धा 500 मिलिसिव्हर्टच्या खाली ठेवायची, आणि तो माणूस धोका समजून, स्वतःहून तयार झालेला असला पाहिजे.

या आकड्यांत एक सापळा आहे. वायरलेसवर ‘इथे शंभर येतंय’ एवढंच ऐकू आलं, तर ते दोरीजवळचे शंभर मायक्रो की मागे फिरायचे शंभर मिली, हे कळायला मार्ग नसतो. फरक हजार पटींचा आहे. म्हणून प्रत्येक नोंद जागा, आकडा, एकक, वेळ आणि मीटरचा क्रमांक अशीच सांगायची, आणि ऐकणाऱ्याने एककासकट परत म्हणून दाखवायची. जुनी मीटरं मिलिराँटजेनमध्ये दाखवतात. ताशी 1 मिलिराँटजेन म्हणजे साधारण 10 मायक्रोसिव्हर्ट, हे त्या मीटरवरच चिकटवून ठेवा.

प्रश्न : मीटरची निविदा काढायची आहे. मागच्या सरावात निम्मी मीटरं चाललीच नाहीत. नेमकं काय घ्यावं?

उत्तर : एकाच मीटरवर सगळं भागवायला गेलात की फसलात. परिसरातली पातळी मोजायला एक मीटर लागतं. ते ताशी 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या आसपासच्या नैसर्गिक पार्श्वभूमीपासून ताशी 1 सिव्हर्टच्या पुढेपर्यंत चाललं पाहिजे. अंगावर, कपड्यांवर, जमिनीवर बसलेली धूळ शोधायला पातळ खिडकीचा पॅनकेक प्रोब, म्हणजे मीटरला जोडलेला चपटा शोधक, वेगळा. आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक डोसीमीटर, म्हणजे त्याची स्वतःची मात्रा मोजणारं यंत्र.

निविदेत एक अट ठळक अक्षरांत घाला. साध्या गायगर नळीला (मीटरमधली किरण टिपणारी नळी) प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा सज्ज व्हायला क्षणभर लागतो. फार तीव्र क्षेत्रात तो क्षणही मिळत नाही, आणि काही जुन्या मीटरांचा काटा चढण्याऐवजी चक्क शून्याकडे येतो. माणसाला वाटतं, इथे काहीच नाही. म्हणून मीटरने क्षमता ओलांडल्यावर तसं स्पष्ट दाखवलं पाहिजे, आणि पुरवठादाराने ते कॅलिब्रेशनच्या (मीटरचा आकडा बरोबर येतो का हे पडताळणाऱ्या) प्रयोगशाळेत सिद्ध करून दिलं पाहिजे. पथकासाठी नियम एवढाच: मीटर घेऱ्याबाहेरच चालू करायचं, त्याच्याकडे बघत पुढे जायचं, आणि चढता आकडा अचानक पडला की उलट पावली मागे.

मीटरं सरावात बंद का पडली, याची कारणं बहुधा घरगुती निघतात. सेल आतच राहिले आणि गळले. प्रोबच्या अभ्रकाच्या खिडकीत गवताचं टोक किंवा काडी घुसली. खिडकी फुटलेला प्रोब गप्प राहतो आणि सगळं स्वच्छ असल्याचं भासवतो. कुणी तरी काळजीपोटी प्रोबला प्लॅस्टिक गुंडाळलं; बीटा-गॅमा किरणांसाठी पातळ पिशवी चालते, पण अल्फा कण तिच्यातून येतच नाहीत. यावर उपाय म्हणजे दरमहा आणि प्रत्येक वापराआधी मिनिटभराची तपासणी: बॅटरी, पार्श्वभूमी, मग ठाऊक ताकदीच्या छोट्या चेक सोर्ससमोर धरून येणारा आकडा. तो मीटरवरच्या पट्टीत लिहिलेल्या आकड्यापासून 20 टक्क्यांहून जास्त ढळला तर मीटर बाजूला. सेल काढून डब्यात ठेवा आणि सगळ्या मीटरांना एकाच मापाचे सेल लागतील हे खरेदीतच बघा. वार्षिक कॅलिब्रेशनचा खर्चही त्याच निविदेत बांधा. पुढच्या वर्षी तो वेगळा मागायला गेलात तर मिळेलच असं नाही.

प्रश्न : मी अपघात विभागात परिचारिका आहे. दूषित, म्हणजे अंगावर किरणोत्सारी द्रव्य बसलेला, आणि गंभीर जखमी रुग्ण आला तर आधी धुवायचा की आधी उपचार?

उत्तर : आधी जीव. श्वास, रक्तस्राव, रक्ताभिसरण सांभाळल्याशिवाय मीटर हातात घेऊ नका. कपडे उतरवले की बाहेरचं 90 टक्क्यांपर्यंत दूषण जातं. ते डोक्यावरून ओढून काढायचे नाहीत, कात्रीने कापून आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळायचे आणि पिशवीवर नाव, वेळ लिहायची. मग कोमट पाणी आणि साबण. खसखसून घासलं तर त्वचा सोलवटते आणि द्रव्य आत शिरायला वाट मिळते. दोन्ही नाकपुड्यांचे स्वॅब चेहरा धुण्याआधी, वेगवेगळे घ्या. श्वासातून आत किती गेलं याचा तोच पहिला अंदाज.

उलटी झाली असेल तर तिची वेळ लिहा आणि रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची मोजणी दर काही तासांनी परत करा. रुग्णाने किती मात्रा घेतली ते या दोन्हींवरून कळतं. गाऊन, मास्क, दुहेरी हातमोजे असले तर दूषित रुग्णापासून तुम्हाला धोका अगदी कमी असतो. अपवाद म्हणजे जखमेत रुतलेला तीव्र सोर्सचा तुकडा. तो बोटांनी कधीच नाही, लांब चिमट्याने काढायचा आणि शिशाच्या भांड्यात टाकायचा.

प्रश्न : तपासणी केंद्रावर लोकांची झुंबड उडाली तर?

उत्तर : ‘तर’ नाही, उडणारच. सप्टेंबर 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या दवाखान्यातला सीझियमचा सोर्स भंगारात फोडला गेला. चार माणसं दगावली. स्टेडियमवर सुमारे 1,12,000 लोकांची तपासणी करावी लागली, आणि त्यातले दूषित निघाले 249.

आता तुमचं गणित मांडा. डोक्यापासून तळव्यापर्यंत प्रोब नीट फिरवायला माणशी 3 मिनिटं धरली तर एका प्रोबवर तासाला 20 माणसं. दहा प्रोब, बारा तास: 2,400. गोयानियाएवढी गर्दी या वेगाने संपायला दीड महिना लागेल. म्हणून मोठ्या गर्दीत चेहरा, खांदे, हात आणि चपला-बुटांचे तळ एवढंच बघा, आणि उभा दरवाजासारखा पोर्टल मॉनिटर मिळवता आला तर मिळवाच. हात-चेहऱ्याच्या उघड्या त्वचेपासून 10 सेंटिमीटरवर पार्श्वभूमीच्या वर ताशी 1 मायक्रोसिव्हर्ट आले तर त्या माणसाला धुण्याच्या रांगेत पाठवा. ज्यांना थांबायचं नाही त्यांना घरी जाऊन कपडे पिशवीत बांधा, अंघोळ करा, असं छापील पत्रक द्या. तेही चांगलं काम करतं. कुठे होतात, किती वाजता, संपर्काचा क्रमांक ही नोंद मात्र प्रत्येकाची. तिच्याशिवाय नंतर कुणाचीच मात्रा काढता येत नाही.

केंद्राच्या नकाशात नेहमी होणारी चूक म्हणजे उतरवलेल्या कपड्यांच्या पिशव्या तपासणीच्या रांगेशेजारीच साठवणं. दुपारपर्यंत ढीग वाढतो, पार्श्वभूमी वर जाते आणि प्रत्येक माणूस दूषित दिसायला लागतो. ढीग लांब, आणि पार्श्वभूमीची नोंद तासातासाला.

प्रश्न : शंका आली की लगेच गाव रिकामं करणं सुरक्षित नाही का?

उत्तर : दरवेळी नाही. मार्च 2011 मध्ये फुकुशिमाभोवतीच्या रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून माणसं घाईघाईने हलवली गेली. कित्येक वृद्ध रुग्ण तासन्‌तास बसमध्ये, पुरेशी वैद्यकीय मदत नसताना राहिले, आणि त्या हलवाहलवीनेच काहींचा जीव गेला. मोठ्या अणुभट्टीभोवतीच्या 3 ते 5 किलोमीटरमध्ये गळतीची वाट न बघता लोकांना हलवणं योग्य. 15 ते 30 किलोमीटरपर्यंतचा निर्णय आधी ठरवलेल्या आकड्यांवर. मधल्या काळात दारं-खिडक्या लावून, बाहेरची हवा आत ओढणारी यंत्रणा बंद करून आतल्या खोलीत थांबणं बरं. हेही एक-दोन दिवसच चालतं. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी, रुग्णवाहिका आणि सोबतचे कर्मचारी ठरलेले नसतील तर त्यांच्यासाठी घरात थांबण्याचा पर्याय तक्त्यात लिहूनच ठेवा.

प्रश्न : आयोडीनच्या गोळ्या सगळ्यांना आधीच वाटाव्यात का?

उत्तर : त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनसाठी, म्हणजे मुख्यतः अणुभट्टीच्या अपघातात. सीझियमच्या किंवा कोबाल्टच्या सोर्सपुढे त्यांचा काही उपयोग नाही. भट्टीजवळच्या घरांत आधी वाटणं शहाणपणाचं, कारण गोळी संपर्काच्या आधीच्या 24 तासांत किंवा नंतर 2 तासांच्या आत घेतली तर सर्वांत उपयोगी. आठ तासांपर्यंतही घेण्यात अर्थ आहे. पोटॅशियम आयोडाइडची मात्रा प्रौढांना 130 मिलिग्रॅम, 3 ते 12 वर्षांच्या मुलांना 65, महिन्यापासून 3 वर्षांपर्यंत 32, नवजात बाळाला 16. साठा वाटताना मुलं आणि गर्भवती आधी.

प्रश्न : आमचे सराव छान पार पडतात, तरी विश्वास वाटत नाही. काय चुकतंय?

उत्तर : छान पार पडतात हेच. सगळ्यांना तारीख ठाऊक असते आणि सराव कामाच्या दिवशी सकाळी अकराला होतो. एकदा सुट्टीच्या आदल्या रात्री करा. जमिनीवर खरं दूषण पसरायचं नसतंच. नियंत्रकाने प्रत्येक ठिकाणी आकड्याची चिठ्ठी द्यायची, आणि त्यातल्या दोन चिठ्ठ्या मुद्दाम परस्परविरोधी ठेवायच्या. मोजणाऱ्याने दुसरं मीटर मागितलं की नाही ते बघा. सराव बारा तासांच्या पुढे न्या, म्हणजे पाळी बदलेल. पहिल्या पाळीने कुणाची किती मात्रा झाली हे दुसरीला लेखी दिलं का, तेही तपासा. निघालेल्या प्रत्येक उणिवेपुढे नाव आणि तारीख टाका, आणि पुढचा सराव तीच यादी हातात घेऊन सुरू करा.