हातोड्याची किंमत, हातातली रक्कम

प्रश्न : वडिलांनी घेतलेलं एक तैलचित्र घरात आहे. त्याच चित्रकाराच्या चित्राला लिलावात १२ लाख मिळाल्याचं संकेतस्थळावर दिसतं. आमच्या चित्राचे तेवढे येतील का?

उत्तर : आधी त्या १२ लाखांत काय काय आहे ते बघा. समजा, बोली १० लाखांवर थांबली आणि हातोडा पडला. त्यावर लिलाव संस्थेने खरेदीदाराकडून २० टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे आपलं शुल्क, घेतलं : २ लाख. जाहीर होतो तो साधारणपणे हा १२ लाखांचा आकडा. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्राला २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात मिळालेल्या २३.७ कोटींतही प्रीमियम धरलेला होता. पुढे जीएसटी : चित्रावर ५ टक्के आणि प्रीमियमवर १८ टक्के धरले, तर आणखी ८६ हजार. खरेदीदाराच्या खिशातून गेले १२ लाख ८६ हजार. लिलाव संस्था विकणाऱ्याकडून घेते ते कमिशन मात्र १० लाखांवर कापलं जातं. ते १० टक्के ठरलं असेल तर हातात ९ लाख. विमा, फोटो, वाहतूक लावली तर त्याहून कमी. हे दर लिलावाच्या अटींत छापलेले असतात. विकणाऱ्याचं कमिशन मात्र घासाघीस करून ठरतं, तेव्हा संकोच नको.

दुसरी गोम अशी की कॅटलॉगमधल्या किमतीच्या अंदाजात प्रीमियम नसतो आणि निकालात असतो. अंदाज १० ते १५ लाख, निकाल १२ लाख असं वाचलं की चित्र मधल्या भावाला गेलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते तळालाच गेलेलं असतं. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली चित्र विकायचं नाही ती, गुप्त असते, पण सहसा खालच्या अंदाजाच्या वर नसते. बोली तिथवर पोचली नाही तर चित्र परत येतं आणि अशी परत आलेली चित्रं निकालांच्या यादीत बरेचदा दिसतच नाहीत. म्हणून फक्त विकलेल्यांची सरासरी काढू नका.

तुलना करताना कॅनव्हासशी कॅनव्हास, कागदाशी कागद, आणि शक्यतो त्याच दशकातलं काम घ्या. चित्राची मागची बाजू नीट प्रकाशात टिपा : लेबलं, शिक्के, पेन्सिलीच्या नोंदी. जुनं बिल शोधा. आणि दाखवण्याआधी चित्र पुसू नका, फ्रेम बदलू नका. लेबल गेलं की अर्धा पुरावा गेला.

प्रश्न : गॅलरीत चित्राखाली किंमत का लावत नाहीत? विचारणं बरं दिसतं का?

उत्तर : बेधडक विचारा. यादी बहुधा टेबलावरच असते. न्यूयॉर्कमध्ये किमती दिसतील अशा लावण्याचा नियम आहे, तरी तिथेही अनेक गॅलऱ्या तो पाळत नाहीत. किंमत लपली की गिऱ्हाईक पाहून भाव सांगता येतो, हे खरं कारण.

पडताळणी सोपी आहे. बरेच चित्रकार चौरस इंचावर दर लावतात. २४ बाय ३६ इंच म्हणजे ८६४ चौरस इंच. १०० रुपये दराने ८६,४०० रुपये. लहान चित्राला इंचामागे थोडा जास्त दर पडतो, ते ठीक. पण एकाच मापाच्या, एकाच माध्यमातल्या दोन चित्रांत दुपटीचा फरक असेल तर कारण विचारा. फ्रेम आणि जीएसटी धरून किती, हेही तिथेच. बिलावर शीर्षक, वर्ष, माध्यम, माप हवंच. छापचित्र असेल तर आवृत्तीचा क्रमांकही.

प्रश्न : वडील चित्रकार होते. त्यांनी विकलेलं चित्र आता लिलावात मोठ्या रकमेला गेलं. वारसांना काही मिळतं?

उत्तर : कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्राची फेरविक्री १०,००० रुपयांवर झाली, तर चित्रकाराचा किंवा वारसांचा त्यात वाटा असतो, कमाल १० टक्के. कॉपीराइट दुसऱ्याला दिलेला असला तरी हक्क राहतो; मुदत चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. मात्र कॉपीराइटचे पहिले मालक तेच असायला हवेत, नोकरीत काढलेलं चित्र असेल तर अडचण. व्यवहारात पैसे क्वचितच मिळतात, कारण खासगी विक्रीचा भाव वारसांना कळतच नाही. तुमच्याकडे निकाल जाहीर आहे. लॉट क्रमांक (लिलावातला चित्राचा क्रमांक), तारीख, रक्कम लिहून लिलाव संस्थेला लेखी पत्र द्या, वारसाची कागदपत्रं जोडा आणि पोच घ्या.