मगरीचं पिल्लू नव्हे, पण पातेल्यातही नको

प्रश्न : बाई, नमस्कार. भिलवडीच्या अलीकडे आमचं रान कृष्णेला लागून आहे. गेल्या आठवड्यात पाणी उतरल्यावर ओढ्यात लावलेल्या जाळ्यात एक भलताच मासा अडकला. वीत-दीड वीत लांब, खवले नाहीत, त्याऐवजी खरखरीत कवच. तोंड खालच्या अंगाला, पाठीवर शिडासारखा पर, अंगावर काळे-पिवळे नागमोडी पट्टे. गडी म्हणाला, मगरीचं पिल्लू आहे, सोडून द्या. दुपारी धरलेला, कोरड्या बादलीत ठेवला तरी रात्री आमची जेवणं होईपर्यंत हलत होता. सकाळी बघतो तर मेलेला. आता पिशवीत घालून फ्रीजरला टाकलाय. घरात रोज ऐकतोय, एक तर शिजवा नाही तर बाहेर काढा. हा कुठला मासा? खाल्ला तर चालेल का? त्याच ओढ्यात मरळ मिळते, ती आम्ही खातोच.
— एक वाचक, ता. पलूस

उत्तर : मगरीचं पिल्लू असतं तर त्याला चार पाय असते, आणि त्याची आई काठावर असती तर हे पत्र तुमच्या हातून लिहून झालं नसतं. तरी भिलवडी-औदुंबर-ब्रह्मनाळच्या पट्ट्यात शंका आली की हात मागं घ्यायची गड्याची सवय चांगली आहे, ती मोडू नका.

तुमचा पाहुणा आहे सकर. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात ‘काच साफ करणारा’ म्हणून मिळतो तोच. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन-ओरिनोकोच्या पाण्यातला. शास्त्रातलं नाव प्टेरिगोप्लिक्थिस. खात्री करायची तर पिशवी सोडा आणि मासा उताणा करा. रंगावर जाऊ नका, रंग पाण्याप्रमाणे बदलतो. तोंड बघा : वाटीसारखे पसरट ओठ, दगडाला चिकटून राहणारे. मग पाठीवरचा पर उघडून काड्या मोजा. पुढचा जाड काटा सोडून दहा किंवा जास्त भरतील. पोटावरची नक्षी ठिपक्यांची की अळीसारखी वळणांची, यावरून पुढं जात ठरवतात, पण त्यांचे संकरही होतात. स्वयंपाकघराला तेवढ्या खोलात जायची गरज नाही.

आपला शिंगटाही बिनखवल्याचा, पण त्याचं अंग गुळगुळीत आणि मिशा लांबलचक. ज्याच्यावर देशात २००० पासून बंदी आहे तो थाई मांगूरही गुळगुळीतच : चपटं डोकं, आठ मिशा, पाठीवरचा पर शेपटीपर्यंत गेलेला. चिलखत घातलेला मासा आपल्या कृष्णेचा नव्हेच.

मग तो आला कुठून? इथं मला खाली बघावं लागतं. मी सांगलीत प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, “बाई, टाकीतला सकर फार वाढलाय, काय करू?” मी म्हणाले, “मारू नकोस रे, घाटावर जाऊन सोड.” असा शहाणपणा गावोगाव कितीजणांनी केला असेल! त्यात महापूर. २०१९ साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कुठली टाकी, कुठलं शेततळं आणि कुठली नदी, काही वेगळं राहिलं नव्हतं. आता हा काठाच्या मातीत हात-दोन हात खोल बिळं करून अंडी घालतो, नर त्यावर पहारा देतो. परांचे काटे जाळ्यात असे अडकतात की मासा सोडवायचा तर जाळं कापावं लागतं. तुमच्या जाळ्याची किती भोकं झाली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण झाली असणार.

कोरड्या बादलीत तो इतका वेळ जगला यात चमत्कार नाही. तो हवा गिळतो आणि जठराच्या रक्तवाहिन्यांतून प्राणवायू घेतो.

आता खाण्याचं. सकर जातीनं विषारी नाही. ब्राझीलमध्ये कवचासकट निखाऱ्यावर भाजून खातात, आतलं मांस पांढरं निघतं. पण तुमचा हा मासा खाऊ नका. तो रात्री दहाला मेला की पहाटे पाचला, ते तुम्हाला माहीत नाही. याचं आतडं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, लांबच लांब, चिखलानं भरलेलं असतं. ते पोटात तसंच राहिलं आणि वर पावसाळी उकाडा. फ्रीजर बिघाड थांबवतो, झालेला बिघाड परतवत नाही.

आणि उद्या ताजा मिळाला तर? तळाचा गाळ आणि शेवाळ खाणारा मासा म्हणजे पाण्याची खातेवही. सांडपाण्यातले जड धातू त्याच्या यकृतात साठतात, थोडे मांसातही येतात, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाहीत. गावचं गटार मिळतं त्याच्या खालच्या अंगाचा असेल तर मी तो घरात घेणार नाही, लेकरांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात तर नाहीच. वरच्या स्वच्छ पाण्यातला, जिवंत साफ केलेला कुणी एकदा चाखला तर आभाळ कोसळत नाही. पण त्या कवचाखाली निघतं किती? सुरी बोथट होईल आणि एका माणसाचं कालवण होणार नाही.

जिवंत सापडला तर परत पाण्यात सोडू नका, शेजारच्या विहिरीतही नाही. फ्रीजरमधला लिंबाच्या बुडाशी हातभर खोल पुरा, वर दगड ठेवा, नाही तर कुत्री उकरतील.

मरळ खुशाल खा, हातात वळवळत असेल तोवर. फक्त उन्हाळ्यात पाणी काळं पडून मासे वर तोंड काढायला लागले, की त्या दिवसांत फुकट मिळाली तरी नको. हरिपूरच्या माझ्या सासूबाई मरळीला चुलीची राख चोळून बुळबुळ काढायच्या. गॅस आल्यावर राख मिळेना, तर तांदळाच्या पिठानं भागवायच्या आणि वर म्हणायच्या, “राखेची सर नाही.”